टीव्हीवरची माणसं जेवत नाहीत

आई,

तू गेल्यापासून टीव्हीवरची माणसं जेवेनाशी झाली आहेत. सासू-सुनांच्या मालिकांचं मी म्हणत नाही, तिथे टेबलावर कायम वाट्या भरलेल्या असतात आणि पहिला घास उचलला की कोणाचं तरी बिंग फुटतं. मी म्हणतेय ते आपल्या माणसांबद्दल. तू ज्याला 'चांदन्यांतलं जहाज' म्हणायचीस, त्या जातीच्या मालिकांतल्या माणसांबद्दल. ती आता दिवसभर अंधारात वावरतात. बाहेर पाऊस असतो, आत दिवे गेलेले असतात, जग कालपरवाच बुडालेलं असतं आणि उरलेली चार माणसं एकमेकांकडे संशयाने बघत पुटपुटत असतात. काय बोलतात ते कळावं म्हणून मी आवाज वाढवते, नेमका तेव्हाच स्फोट होतो आणि शेजारचे काका भिंत ठोकतात. कामासाठी मी या मालिकांचे भागच्या भाग बसून पाहिलेत, आणि एकानेही दुसऱ्याला "जेवलास का" म्हणून विचारलेलं नाही. तू असतीस तर पहिल्याच भागात म्हणाली असतीस, "यांच्या घरात बाईमानूस नाय काय कोनी?"

कामासाठी म्हटलं, कारण मी आता मालिका लिहिते. तुला हे सांगायचं राहूनच गेलं. कॉलेजात एकांकिका लिहायचे ते तुला माहीत होतं, त्यातून पुढे हे सुरू झालं. आधी इतरांच्या मालिकांचे संवाद लिहायचे, या वर्षी पहिल्यांदा माझी स्वतःची गोष्ट चॅनलने घेतली. मराठीत अशी मालिका फारशी कोणी केलेली नाही, त्यामुळे सगळे घाबरलेले आहेत आणि घाबरलेली माणसं मीटिंगा फार घेतात. गोष्ट अशी: एक यान येतं आणि आपल्या मिठागरात उतरतं. मुंबईत नाही, दिल्लीत नाही, खाडीकाठच्या मिठागरात. बांधावर एक म्हातारी उभी असते. यानातून एक जण बाहेर येतो, उन्हात धापा टाकत उभा राहतो, आणि ती त्याला तांब्याभर पाणी देते. ती म्हातारी म्हणजे तू. चॅनलला आजी हवी होती म्हणून तुला वीस वर्षांनी म्हातारी केलीय, रागावू नकोस. आता चॅनलचं म्हणणं आहे की पहिल्या ब्रेकच्या आत ती मरायला हवी. तिने पाणी पुढे करावं आणि त्याने तिला मारावं, म्हणजे प्रेक्षकाला धक्का बसेल आणि तो दुसऱ्या चॅनलवर जाणार नाही. तीनदा मी ते पान न बदलता परत पाठवलं. आज संध्याकाळी सहापर्यंत शेवटचं पाठवायचं आहे. आत्ता दुपारचे अडीच वाजलेत, कामोठ्यातल्या या फ्लॅटमध्ये पंखा फिरतोय आणि मी ते पान सोडून तुला पत्र लिहीत बसलेय.

आपला टीव्ही आठवतो? बाबांनी पनवेलच्या बाजारातून टेम्पोत घालून आणला होता, आणि टेम्पोत त्याच्याशेजारी मिठाची दोन पोती होती म्हणून तू आठवडाभर बाबांना बोलत होतीस. रविवारी सकाळी ते जहाजाचं लागायचं. परदेशी मालिका, हिंदीत बोलणारी. मी तेरा वर्षांची. बाबा मिठागरावर गेलेले, मी पंख्याखाली सतरंजीवर, आणि तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात परात घेऊन बसलेली, तांदळाच्या भाकऱ्या थापत. चूल तुझ्या पाठीमागे आणि पडदा समोर, त्यामुळे तुझ्या भाकऱ्या रविवारी एका बाजूने हमखास करपायच्या. हिंदी तुला धड येत नव्हती. पण गोष्ट तुला माझ्याआधी कळायची, कारण मी बंदुका आणि बटणं बघायचे आणि तू माणसं बघायचीस. दर आठवड्याला ते जहाज नव्या ठिकाणी जायचं. तिथे हिरव्या कानांची, नाहीतर कपाळावर खवले असलेली माणसं असायची. आधी गैरसमज, मग थोडी धावपळ, आणि शेवटी सगळे एका लांब टेबलाशी बसून बोलायचे. टेबलावर निळंजांभळं काहीतरी खायला असायचं. सेट प्लायवुडचा आहे हे मलाही कळायचं, दार बंद झालं की भिंत हलायची. पण उजेड किती होता! खोलीच्या कोपऱ्यापर्यंत पांढरा उजेड, आणि कोणी कोणाला काही विचारलं की समोरचा खरं उत्तर द्यायचा.

तू नेहमी खवलेवाल्यांच्या बाजूने असायचीस, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. मी जहाजात बसलेली असायचे आणि तू जमिनीवर. जहाज उतरलं की तू पीठ लागलेला हात वर करून म्हणायचीस, "आले बग. आता यांना बसाला द्या, पानी द्या, मंग इचारा कशाला आलाव ता." आणि त्या खवलेवाल्यांनी भाले उगारले की तुला मनापासून राग यायचा, "पावन्यासमोर असं करतान?" मी हसायचे. एकदा खारघरची माझी मैत्रीण आली होती, तिच्यासमोर तू हेच बोललीस आणि मी म्हणाले, "आई, तुला यातलं काही कळत नाही, तू भाकऱ्या बघ." तू बघितल्यास. मैत्रिणीला त्यातली न करपलेली वाढलीस. तिने दुसरी मागून घेतली आणि पुढच्या रविवारी ती पुन्हा आली, मालिकेसाठी नव्हे हे तुलाही माहीत होतं.

मग हळूहळू सगळं बदललं. कधी बदललं ते बोट ठेवून सांगता येणार नाही. केबलवर चॅनल वाढले, जुनं जहाज बंद झालं, त्याच्या जागी नवी जहाजं आली आणि ती कुठे जाईनात, ती आपल्याकडे येऊ लागली. मी या मालिका आता धंदा म्हणून बघते, तेव्हा मला सगळ्यात मोठा फरक हाच दिसतो. आधीच्या मालिकांत आपण दुसऱ्याच्या दारात जायचो, त्यामुळे दारं उघडणारी माणसं आपल्याला चांगली वाटायची. नव्या मालिकांत दार आपलं आहे आणि ठोकणारा कोणी दुसराच आहे. उजेड गेला, टेबल गेलं, कोणी बोलायला बसेना. लोक म्हणतात, जमाना बिघडला म्हणून मालिका काळवंडल्या. असेलही. मला वाटतं, जुन्या मालिका लिहिणाऱ्यांना कोणी कधी घरातून उठवलं नसावं. जहाज भेट देऊन निघून जायचं ना दर रविवारी. कोणाचं अंगण मोजायला ते कधीच आलं नाही.

आपल्याकडे आले. गावाच्या जागेवर होणाऱ्या विमानतळाची बोलणी मी लहान असल्यापासून चालू होती, पण मोजणीची माणसं गावात आली तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते. गावाने देवळात बसून ठरवलं होतं की मोजणी होऊ द्यायची नाही, आणि मोजणीवाल्याला कोणी घोटभर पाणीसुद्धा द्यायचं नाही. बाबाही हात वर करून आले होते. मे महिना होता. त्या दिवशी पुरुष सगळे रस्त्यावर अडवायला गेलेले, आणि मोजणीवाल्यांतला एक जण मागच्या वाटेने आपल्या आळीत आला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, हातात टेप आणि काखेत फाइल. त्याच्याबरोबरचा माणूस गर्दीत मागे राहिला होता. शेजारच्या बायांनी दारं लावून घेतली. तो आपल्या शेवग्याखाली उभा राहिला. तू दार लावलं नाहीस. आत गेलीस, माठातून तांब्या भरलास आणि त्याला नेऊन दिलास. इथवर मी समजू शकते. पण पाणी पिऊन झाल्यावर त्याने विचारलं, "ताई, हे टोक जरा धराल का?" आणि तू धरलंस. आपल्याच घराच्या कोपऱ्याशी टेपचं टोक धरून तू उभी राहिलीस आणि तो मागे मागे जात घर मोजत गेला. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. दाराच्या फटींतून सगळी आळी बघत होती. गावात त्या दिवशी मोजलं गेलेलं एकुलतं एक घर आपलं.

मी खारघरच्या नोकरीवरून घरी आले तेव्हा अंगणात दहा-बारा माणसं होती आणि बाबा मान खाली घालून ओट्यावर बसले होते. पंच मंडळी तुला विचारत होती आणि तू दाराला टेकून एकच उत्तर देत होतीस, "तानलेला व्हता तो." टेप का धरलीस म्हणून कोणीतरी ओरडलं. "एकटा व्हता," तू म्हणालीस. "आनि पानी द्याला ठराव कसला रं करता? तुमाला आयांनी शिकवला नाय काय?" काही जण हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणसं गेल्यावर मी तुला आत नेऊन जे बोलले ते मला शब्दाला शब्द आठवतंय. मी म्हणाले, "तुला वाटतं तुझं ते रविवारचं जहाज आलंय? ही माणसं घर घ्यायला आलीत, आणि तुझ्यासारख्या भोळ्या बायांमुळेच ती घेणार. तूच दिलंस घर." तू माठावरचं झाकण सरकलं होतं ते नीट केलंस.

पुढचे दोन महिने आळीतल्या बायका तुझ्याशी बोलल्या नाहीत. जवळा निवडायला अंगणात एकत्र बसायच्या, तू गेलीस की एकेक उठायची. घर एका टेपने जात नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पुढे सगळीच घरं मोजली गेली, तुझ्याशी न बोलणाऱ्यांचीसुद्धा, आणि ती त्यांच्या मर्जीनेच मोजली गेली. पण ते पुढे. तेव्हा तू घरात एकटी असायचीस आणि टीव्ही लावून बसायचीस. एक नवी मालिका होती. त्यातले येणारे दिसायला अगदी आपल्यासारखे, गोड बोलायचे, घरात शिरायचे आणि मग आतून घर पोखरायचे. एका संध्याकाळी मी शेजारी चहा पीत होते. पडद्यावर एका बाईने असंच कोणालातरी दार उघडलं आणि तू मला विचारलंस, "हे खरंच असं असतान काय गो? आल्याला पानी द्याचा म्हंजे चूकच काय?" मी तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. एक शब्द होता, त्याला काय लागत होतं? मी अजून रागातच होते. मी म्हणाले, "आता तरी कळलं ना." तू उठून टीव्ही बंद केलास. त्यानंतर तू ती मालिका पाहिली नाहीस, कुठलीच पाहिली नाहीस, आणि थंडीत एका सकाळी भाकऱ्या थापता थापता परातीवरच कलंडलीस. डॉक्टर म्हणाले हृदय. माझं मन काय म्हणालं ते कोणाला सांगितलं नाही.

चॅनलचा जो मुलगा माझ्या मालिकेचं काम बघतो तो नागपूरचा आहे, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, मला ताई म्हणतो. वाईट नाही तो. त्याच्या डोक्यावरही कोणीतरी बसलेलं आहे. काल फोनवर म्हणाला, "ताई, मला ती आजी फार आवडली. माझी आजी पण अशीच, पोस्टमनला सुद्धा सरबत द्यायची. म्हणून तर म्हणतो, ती मेली की लोक रडतील." मी म्हटलं, मग सगळ्या महाराष्ट्राला कळेल की पाणी दिलं की मरण येतं. तो मग हळूच म्हणाला, "आजकाल असंच चालतं, ताई. चांगुलपणा दाखवला की लोकांना जुनाट वाटतं. सहापर्यंत पान नाही आलं तर वरचे लोक दुसरा लेखक बघतील, मला तुमच्यासाठी भांडता येणार नाही." मला त्याचा राग आला नाही. तो चॅनलचं वाक्य बोलत होता, आणि ते वाक्य मी तुला माझ्या तोंडाने आधीच ऐकवलेलं होतं. पहिल्या ब्रेकच्या आत काय, मी तर जाहिराती लागायची पण वाट पाहिली नव्हती.

आता साडेपाच वाजलेत. पान झालं. म्हातारी पाणी देते. तो पितो, सगळा तांब्या संपवतो, आणि रिकामा तांब्या दोन्ही हातांनी परत देतो. ती विचारते, "जेवला काय?" तिथे ब्रेक. कोणी मरत नाही. खाली मी त्या मुलासाठी एक ओळ टाकलीय की तुम्हाला धक्का हवा होता ना, हाच धक्का आहे. पुढे तो चांगला निघेल की वाईट, घर राहील की जाईल, हे मी अजून ठरवलेलं नाही. ते तिच्या हातात नाहीच, आणि पाणी देणं तिच्या हातात आहे, एवढं कळायला मला दहा वर्षं लागली. कदाचित मालिका जाईल माझ्या हातून. दुसरा लेखक तुला पाच मिनिटांत मारेल. निदान माझ्या हाताने ते होणार नाही.

हे पत्र मात्र कुठे पाठवू? आपलं घर गेल्या वर्षी पाडलं. शेवगा गेला, उंबरा गेला, डोंगर सपाट करून त्याची माती आपल्या अंगणावर टाकलीय. चुलीची जागा मला आता दाखवता येणार नाही, आणि पोस्टमन तरी कुठे शोधेल. म्हणून हे इथेच वहीत ठेवते. पण ठेवण्याआधी एक गोष्ट सांगून टाकते, कारण दुपारभर तुझ्याविषयी लिहिताना मी ती बाजूला ढकलत होते.

तू गेल्यावर दुसऱ्या वर्षी तो मोजणीवाला पुन्हा आला होता. कसल्यातरी कागदावर सही हवी होती. घरी मी एकटीच होते. उन्हातून चालत आला होता, शर्ट पाठीला चिकटलेला. मी दारातच सही केली. त्याने कागद घडी घालून फाइलमध्ये ठेवला, पण निघेना. म्हणाला, "इथे एक बाई होत्या. मागच्या खेपेला त्यांनी..." मी म्हणाले, त्या गेल्या. तो "अरेरे" म्हणाला, खरंच मनापासून म्हणाला. त्याची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली, माठाकडे. मग तो वळला आणि उन्हात चालत गेला.

माठ भरलेला होता, आई. मी पाणी विचारलं नाही.